मी सांगत होतो की

ऑगस्ट २०१९ चा पहिला आठवडा कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ती ओलांडून कधीच वर गेलं होतं, आणि आता किती फूट, किती इंच, हे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तासातासाला येत होतं. मी मंगळवार पेठेतला दवाखाना अर्धा दिवस चालवायची आणि उरलेला वेळ पूरग्रस्तांच्या छावणीत बसायची. चिखल्या झालेले पाय, ताप, बीपीच्या गोळ्या पाण्यात वाहून गेलेली म्हातारी माणसं. त्या गडबडीत बावड्याहून वहिनीचा फोन आला. "आत्यांच्या पोटात दुखतंय. पोटात कुणीतरी दगड भरलेत म्हणतात."

मी विचारलं, "रात्रीची गोळी घेतली का त्यांनी?"

हा माझा पहिला प्रश्न होता. पोट दुखतंय म्हणणाऱ्या एकसष्ट वर्षांच्या बाईबद्दल, चोवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरचा.

आत्याला स्किझोफ्रेनिया आहे. लग्नानंतर दोन वर्षांतच सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तिला आवाज ऐकू यायचे. भिंतीतून कुणीतरी तिचं नाव घेऊन शिव्या द्यायचं. माझं सगळं लहानपण "ती काहीही बोलते, लक्ष देऊ नको" हे वाक्य ऐकण्यात गेलं. पुढं बरीच औषधं झाली, आणि शेवटी क्लोझापिन सुरू झालं. त्या गोळीनं तिला जे परत दिलं ते आधीच्या कुठल्याच औषधानं दिलं नव्हतं. ती भाकरी थापायला लागली, शेजारी हळदीकुंकवाला जायला लागली, नातवंडांना अंघोळ घालायला लागली. या औषधानं कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी होतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला रक्त तपासावं लागतं. ते आम्ही एकदाही चुकवलं नाही. रिपोर्टांची फाईल माझ्या भावानं तारीखवार लावून ठेवली होती.

पण क्लोझापिन आतड्यांची हालचालही मंदावतं. पेशींच्या भीतीपुढं या गोष्टीकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बद्धकोष्ठ म्हणजे काय, इसबगोल घ्या, केळी खा, असं म्हणून विषय संपतो. आणि त्यातच माणूस दगावू शकतो. बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे हे त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. आत्याला परसाकडं होऊन किती दिवस झाले, हे एकालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. भाऊ तिला मिळेल त्या रस्त्यानं, वळसे घेत, एका रुग्णालयात घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरनं "कुठल्या गोळ्या चालू आहेत" विचारलं, भावानं फाईल दिली. भाऊ नंतर मला म्हणाला, "फाईल बघेपर्यंत तो आत्याकडं बघून बोलत होता. फाईल बघितल्यावर माझ्याकडं बघून बोलायला लागला." झोपेचं इंजेक्शन देऊन तिला घरी पाठवलं. मला त्या पोराचा राग येत नाही. फाईल न बघता, फोनवरूनच, मी वेगळं काय केलं होतं?

तिसऱ्या दिवशी मी बावड्याला गेले. आत्या भिंतीकडं तोंड करून पडली होती. पोटावर हात ठेवला. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. स्टेथोस्कोप लावला. निरोगी पोटात सतत गुडगुड चालू असते, नळातून पाणी यायच्या आधी हवा बोलते तशी. मी दोन मिनिटं कान देऊन बसले. आत काहीच नव्हतं. एवढी शांतता मी फार थोड्या वेळा ऐकली आहे.

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मोठ्या आतड्याचा एक भाग काळा पडला होता, तो काढावा लागला. पाचव्या दिवशी नाकातली नळी काढल्यावर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मी सांगत होतो की."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी खातो, मी सांगत होतो. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. एवढंच बोलून तिनं डोळे मिटले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण पोटात दगड भरलेत, हे जे ती म्हणत होती, ते कुठल्याही सर्जननं केलं असतं त्यापेक्षा नेमकं वर्णन होतं. दुसऱ्या कुठल्या बाईनं "पोटात धोंडा ठेवल्यागत झालंय" म्हटलं असतं तर मी तिला लगेच कॉटवर घेतलं असतं. उपमा द्यायचा हक्क सगळ्यांना आहे. माझ्या आत्याचा तो हक्क तिच्या निदानानं काढून घेतला होता. तिची उपमा आम्ही लक्षण म्हणून वाचली.

वैद्यकशास्त्रात याला डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात. एका निदानाची सावली एवढी मोठी पडते की तिच्यात दुसरा आजार दिसतच नाही. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं लवकर मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले बहुतेक जण आत्महत्येनं जात नाहीत. ते हृदयविकारानं, मधुमेहानं, फुप्फुसाच्या आजारानं जातात. म्हणजे ज्या आजारांवर आमच्यासारखे साधे डॉक्टर रोज गोळ्या लिहितात त्यांनीच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१ म्हणतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीनं आरोग्यसेवा मिळाली पाहिजे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. आत्याच्या पोटाला तो लागू होताच. लागू करणारे हात आमचे होते.

तेव्हापासून मी दवाखान्यात बसल्याबसल्या एकच गोष्ट तपासत असते, समोरच्या माणसाचं मी किती ऐकते, आणि ते कुठं बंद करते.

आमच्याकडं येणारी माणसं मन आणि शरीर असे दोन कप्पे करून बोलत नाहीत. जीव घाबराघुबरा होतोय, काळजात धस्स होतंय, पोटात गोळा येतोय, डोस्कं जड झालंय, हातापायातनं मुंग्या निघत्यात, अंगातलं पाणी झालंय. यातलं कुठलं हृदयाचं, कुठलं पोटाचं, कुठलं मनाचं, हे सांगणारा चुकणारच. कप्पे आम्ही करतो. आमच्या वेळी एमबीबीएसला मानसोपचाराची पोस्टिंग दोन आठवड्यांची होती. त्यातला निम्मा वेळ परीक्षेच्या अभ्यासात गेला, कारण त्या विषयाची वेगळी परीक्षा नव्हती. दोन आठवड्यांच्या त्या शिदोरीवर मी आज रोज पंधरा-वीस तरी अशी माणसं बघते ज्यांचं दुखणं दोन्हीकडं पाय ठेवून उभं असतं.

एका पतसंस्थेच्या काउंटरवर काम करणारी मुलगी आली होती. वय तीसच्या आतबाहेर. छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, नोटा मोजताना हात कापतात आणि मागची रांग बघून जास्तच कापतात. दुसरीकडून तिला आठ महिने घबराटीच्या गोळ्या चालू होत्या. मी तिला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले, बोटं फाकवायला सांगितली, आणि त्या बोटांवर माझ्या लेटरपॅडचा एक कोरा कागद अलगद ठेवला. हाताकडं बघून काही कळत नव्हतं, पण कागदाची कड पिंपळाच्या पानासारखी थरथरत होती. बारीक, एकसारखी, न थांबता. डिसेंबरचा महिना होता आणि ती पंख्याखालची खुर्ची शोधून बसली होती. भूक चांगली असून सात किलो वजन उतरलं होतं. रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, जवळजवळ शून्य आलं. थायरॉइड ग्रंथी बेफाम चालली होती. कार्बिमॅझोल सुरू केलं, आणि दोन महिन्यांनी ती पेढे घेऊन आली.

रिपोर्ट दाखवला त्या दिवशी तिनं पहिला प्रश्न विचारला होता, "म्हणजे मला मनाचं काही नाही ना?" आणि तिचा चेहरा उजळला होता. त्या उजळण्यानं मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, जिच्या हातात दाखवायला असा कुठलाच कागद नव्हता.

म्हणजे कागद खूप होते. करवीर तालुक्यातल्या एका गावची, दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. तिनं साडीच्या दुकानाची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. पाच ईसीजी, एक टूडी इको, एक ट्रेडमिल टेस्ट, सगळे नॉर्मल. प्रत्येक ठिकाणी तिला सांगितलं गेलं होतं, "तुम्हाला काही झालेलं नाही." ती मला म्हणाली, "काय झाल्यालं न्हाई, मग मरायला हुतंय ते काय?" याला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. मी एवढंच विचारलं, हे पहिल्यांदा कधी झालं? ती बराच वेळ गप्प बसली. मग कळलं, नवऱ्याला हार्ट अटॅक आला होता, ती सहा रात्री आयसीयूच्या बाहेर फरशीवर बसून होती. नवरा बरा होऊन शेतावर जायला लागला. आणि ही रोज रात्री स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजायला लागली.

मी तिला म्हटलं, धडधड खरी आहे. तुमचं हृदय खरंच जोरात पळतंय, फक्त ते आजारी नाही, घाबरलंय. भीती वाटली की अंगात जे रसायन सुटतं ते वाघ दिसला काय आणि आठवण आली काय, सारखंच सुटतं. तिला मी मानसोपचार तज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. तिनं चिठ्ठी घडी करून परत टेबलावर ठेवली. "तिकडं गेलो तर पोरीचं लगीन व्हायचं न्हाई." मग त्या डॉक्टरांना फोनवर विचारून विचारून मीच औषध दिलं. थोडं सर्ट्रालिन, आणि मनगटावरची ती दोन बोटं काढायचा सराव. पाच-सहा महिने लागले. शहरात असे किती उपचार कौटुंबिक डॉक्टरांच्या टेबलावर, दुसऱ्या कुठल्या आजाराच्या नावाखाली चालतात याची कुठंच नोंद होत नाही.

माझ्या ड्रॉवरमध्ये आता नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. पीएचक्यू-नाइन. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरतात, मराठीतही आहे. त्यातल्या नऊपैकी चार प्रश्न शरीराचेच आहेत. झोप, थकवा, भूक, हालचालीतला मंदपणा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. साखर काही केल्या उतरत नाही अशा मधुमेहींना मी तो विचारते. पहिल्यांदा विचारताना जीभ जड झाली होती. एका निवृत्त मास्तरांनी उत्तर दिलं, "रोज येतो की विचार. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत." त्यांची इन्सुलिनची मात्रा मी वर्षभर वाढवत नेली होती. ते इन्सुलिन घेतच नव्हते.

मनाचा आणि शरीराचा हे दोन विभाग इमारतीत वेगळे आहेत, इतिहासात तेवढे वेगळे कधीच नव्हते. सर्पगंधेचंच बघा. आपल्याकडची मुळी, बिहारकडं लोक तिला 'पागल की दवा' म्हणायचे. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच दोन्ही गोष्टी होत्या, वेड आणि रक्तदाब. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरचा तिचा उपयोग मांडला आणि जगानं कान टवकारले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, ते पुढं रक्तदाबासाठीही दिलं गेलं आणि मनोरुग्णालयांतही. आणि रक्तदाबासाठी घेणारी काही माणसं उदास झाली, तेव्हा उदासीपणालाही काही रसायन असेल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढं उभा राहिला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध दिलेले रोगी हसायला, भूक लागतेय म्हणायला लागले. औषध फुप्फुसाचं होतं, बदल मनात झाला. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी एक असं टीबीच्या वॉर्डात सापडलं. मला ही गोष्ट फार आवडते. त्या वॉर्डातल्या कुणीतरी खोकला मोजता मोजता चेहऱ्याकडंही बघितलं होतं.

मी बघितलं नव्हतं, त्याची एक आठवण माझ्याजवळ आहे. इंटर्नशिपचे दिवस. आमच्या भागात पिकावर फवारायच्या विषाला औषधच म्हणतात, आणि कुणी ते पोटात घेतलं तर 'औषध प्यायला' म्हणतात. एक पंचविशीतला मुलगा तसा आला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर. आम्ही रात्रभर विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देत राहिलो. मी ट्रेमधली फुटकी अ‍ॅम्प्युल मोजून वहीत आकडा लिहायची. दुसऱ्या रात्री तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला, हवेत हात करून बैलांना नावानं हाका मारायला लागला. आई माझा हात धरून म्हणाली, "बाई, येडं झालं का वो माझं लेकरू?" सीनियरनं बाहुल्या बघितल्या, त्या आता वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं होतं. मात्रा कमी केली, सकाळपर्यंत तो भानावर आला. शरीर वाचवणाऱ्या औषधानं एका रात्रीपुरतं वेड आणलं होतं, ते आम्ही ओळखलं, उतरवलं. मला त्याचा अभिमान वाटला होता.

आठव्या दिवशी त्याला घरी सोडलं. डिस्चार्ज कार्ड मी लिहिलं. विषाचं नाव, अ‍ॅट्रोपिनचे दिवस, 'प्रकृती सुधारली', पंधरा दिवसांनी मेडिसिन ओपीडी. तो औषध का प्यायला, हे आम्ही आठ दिवसांत त्याला विचारलं नाही. पोलिसांनी विचारलं असेल. तेव्हा तो गुन्हा होता ना. आता त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार करणं, पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य. आज कुणाच्या मनात असं काही येत असेल, किंवा घरात कुणाबद्दल शंका असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी तो आता औषधाच्या चिठ्ठीमागं छापून घेतला आहे. त्या मुलाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. तो निघताना पायात चप्पल नव्हती, एवढं आठवतं.

आत्याच्या बाबतीत मी एक चांगली गोष्टही बघितली, ती सांगायला हवी. शस्त्रक्रियेनंतर प्रश्न होता क्लोझापिनचा. चालू ठेवावं तर आतडं पुन्हा अडकायची भीती. बंद करावं तर भिंतीतले आवाज परत येणार. ते यायला लागलेही होते, ती कुजबुजत उत्तरं द्यायची. सर्जन सकाळी नऊला यायचे, मानसोपचार तज्ज्ञ दुपारी दोनला. दोघं एकमेकांसाठी कागदावर दोन ओळी लिहून जायचे, आणि त्या ओळी भाऊ मला मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा. चौथ्या दिवशी मी दोघांनाही फोन केला, जरा अधिकारानंच बोलले. संध्याकाळी सहाला दोघं तिच्या कॉटजवळ एकाच वेळी उभे राहिले. एक डावीकडं, एक उजवीकडं. सर्जननी चादर बाजूला करून टाके दाखवले, कुठलं आतडं काढलं ते स्वतःच्या पोटावर बोटानं रेघ ओढून सांगितलं. मानसोपचार तज्ज्ञांनी तिच्या पोटावर हात ठेवला. आपण बऱ्याच वर्षांनी रुग्णाच्या पोटाला हात लावला, असं ते नंतर चहा घेताना म्हणाले. मग सर्जननी आत्याला विचारलं, "आवाज काय म्हणतात?" ती म्हणाली, "ह्यो डॉक्टर चांगला हाय म्हणत्यात."

ठरलं ते असं. या गोळीत दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या मात्रेवर एकदम जाता येत नाही, पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं. तसंच करायचं, आधीपेक्षा कमी मात्रेवर थांबायचं, रोज रेचक द्यायचं, आणि पोट साफ झालं की नाही याची लेखी नोंद ठेवायची. दहा मिनिटं लागली. या दहा मिनिटांसाठी आमच्याकडं कुठला विभाग नाही, कुठली वेळ नाही, कुठला फॉर्म नाही. मला ओळख होती म्हणून ती मिळाली. करवीरच्या त्या म्हशीवाल्या बाईला कशी मिळतील?

नोंद आत्या स्वतः ठेवते. कालनिर्णयच्या पानावर, तारखेच्या चौकटीत, पेन्सिलीनं एक बारीक फुली. महिना संपला की ते पान फाडून पिशवीत घालते आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवते. मानसोपचार तज्ज्ञ आधी फुल्या मोजतात, मग बाकीचं विचारतात. मी रविवारी बावड्याला जाते. गेल्या रविवारी भिंतीवरच्या पानात ओळीनं दोन चौकटी रिकाम्या दिसल्या. मी वळून काही विचारणार, तोवर आत्या हातातलं पीठ झटकून कॉटवर आडवी झाली होती, आणि पदर बाजूला करून माझ्या हाताची वाट बघत होती.